नवा पत्रा बसवण्याआधी

जुन्या गाडीला नवा मडगार्ड लावून पाहिला की तासाभरात एक प्रश्न उभा राहतो : चूक कुणाची? बोल्टाचं भोक अर्धा सेंटिमीटर वर आलेलं असतं. दरवाजा आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत वरच्या बाजूला बोट जातं, खाली कागदही जात नाही. आता हा पत्रा दाबणाऱ्याचा साचा चुकलाय, की सत्तर वर्षं ओझं वाहून गाडीच वाकलीये, की मधल्या कुणा मालकाने अपघातानंतर स्वस्तात ठोकून घेतलं होतं त्याचं हे फळ? याचं उत्तर मिळण्याआधी ज्याने ग्राइंडर उचलला त्याने स्वतःचं काम दुप्पट करून घेतलं असं समजावं. या पुस्तकात वेल्डिंग आहे, पुट्टी आहे, थोडाफार रंगही आहे. पण पानापानावर विचारलेला प्रश्न हाच आहे.

उदाहरणासाठी एकच गाडी धरली आहे : शेवरोलेची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतली अर्ध्या टनाची पिकअप, जिचा क्रमांक ३१००. दुसरं महायुद्ध संपल्यावर जनरल मोटर्सने नव्याने आखलेली ही पहिली गाडी. १९४७ च्या उन्हाळ्यात ती बाजारात आली आणि मार्च १९५५ मध्ये ‘टास्क फोर्स’ मालिकेने तिची जागा घेतली. गोल खांद्यांचे मडगार्ड, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, मधोमध दांडी असलेली दोन तुकड्यांची काच. अमेरिकेतल्या नाताळच्या भेटकार्डांवर मागे सूचिपर्णी झाड टाकून चाललेली लाल पिकअप दिसते, तिचा चेहरा बहुतेक वेळा याच घराण्यातला असतो. १९५४ मध्ये काच एकसंध झाली, जाळी बदलली, मागचा हौदाही बदलला. तेवढ्या बदलानेसुद्धा पत्रे मागवणाऱ्याची किती फसगत होते ते पुढे येईलच.

ही गाडी निवडण्याचं कारण तिचं देखणेपण नाही. तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा विकत मिळतो. मडगार्ड, बोनेट, दरवाजे, केबिनचे कोपरे, तळपत्रे, हौद्याच्या बाजू, फाळका. मनात आणलं तर कॅटलॉगातून अख्खी केबिन मागवता येते. ज्या गाडीचं काहीच मिळत नाही, तिथे डेंटरला पत्रा हाताने घडवावा लागतो आणि घडवताना तो माप गाडीवरूनच घेतो. आपल्याकडे उत्पादन बंद पडलेल्या जुन्या गाड्या वर्षानुवर्षं अशाच चालत्या ठेवल्या गेल्या. सगळं तयार मिळू लागलं की मापं घेण्याची सवय सुटते, आणि गडबड तिथे सुरू होते.

मराठी वाचकाला ही गाडी अगदीच परकी नाही. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद झाला. शेवरोलेच्या मोटारी, ट्रक आणि बस सुट्या भागांच्या रूपात मुंबईच्या गोदीत उतरायच्या आणि त्या कारखान्यात जुळवल्या जायच्या. पण या पुस्तकातली गोष्ट अमेरिकेतलीच आहे. ही गाडी तिथे वापरली गेली, तिथे गंजली आणि तिथल्या हौशी मंडळींच्या मागणीमुळेच तिच्या नव्या पत्र्यांचा धंदा उभा राहिला.

गंजाबद्दल इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण बरेच जण गंज म्हणजे भोक एवढंच धरून चालतात. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात. ते खारं पाणी चिखलाबरोबर उडतं आणि जिथे सुकायला वाव नाही तिथे जाऊन बसतं : मडगार्डच्या मागच्या खालच्या टोकात, केबिनच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, दरवाजाखालून जाणाऱ्या रॉकरच्या पोकळीत, पायांजवळच्या तळपत्र्यावर मॅटखाली. अ‍ॅरिझोना किंवा न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेतली गाडी मिळाली तर पत्रा ठणठणीत असतो, रबर आणि गाद्या मात्र उन्हाने भुगा झालेल्या असतात. जाणकार तरीही कोरड्या प्रदेशातली गाडी घेतात. रबर विकत मिळतं. आणि रॉकर ही काही शोभेची पट्टी नव्हे. ती आणि केबिनखालचे आडवे आधार मिळून दरवाजाची चौकट चौकोनी ठेवतात. ते सडले की केबिन स्वतःच्याच वजनाने खचते, चौकट किंचित तिरकी होते, आणि अशा तिरक्या चौकटीत कारखान्याचा अगदी बिनचूक दरवाजाही बसत नाही. दोष दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यात दिसतो, असतो मात्र पायाखाली.

नवे पत्रे येतात कुठून? बहुतेक तैवानमधून. जनरल मोटर्सने या गाडीचे पत्रे दाबणं केव्हाच थांबवलं. आजचा उत्पादक बहुधा एखादा बरा जुना पत्रा मिळवतो, त्याची मापं काढतो आणि त्यावरून नवा साचा तयार करतो. तो जुना पत्राच मुळात कुठे चेपून सरळ केलेला असला, तर त्याचं व्यंग साच्यात उतरतं आणि मग शेकडो गाड्यांना वाटलं जातं. शिवाय पोलादाचा पत्रा साच्यातून सुटला की थोडा उसळून परत येतो. किती उसळेल हे पोलादाच्या जातीवर आणि पत्र्याच्या जाडीवर ठरतं. मूळ साचेकारांनी त्यांच्या पोलादाची उसळी ओळखून साचा जरा जास्त वाकवलेला असायचा. पोलाद बदललं की तो हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि तो प्रत्येक जण तितक्याच चिकाटीने मांडतो असं नाही. थोड्याच नगांसाठी पोलादाचे महागडे साचे परवडत नाहीत, तिथे जस्ताच्या मिश्रधातूचे मऊ साचे वापरण्याची पद्धत आहे; त्यांच्या कडा झिजल्या की मडगार्डवरची ठसठशीत रेघ बोथट होते. मोठा पत्रा एका दाबात न काढता दोन-तीन तुकड्यांत काढून जोडलेला असेल, तर जोडाजवळ हात फिरवताच लाट लागते.

जाडीचंही तसंच. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर असतो, २० गेजचा ०.९. कॅटलॉगात गेज छापलेला असतो, पण माल हातात आल्यावर कडेला मायक्रोमीटर लावायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पातळ पत्रा म्हणजे फसवणूक असं नव्हे. मात्र तो जुन्या जाड पत्र्याला वेल्ड करायचा असेल तर करंट कुणाच्या सोयीने ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं.

वर्षांचा घोळ वेगळाच. १९४७–५३ चे पुढचे मडगार्ड आणि १९५४–५५ चे मडगार्ड लांबून जुळी भावंडं वाटतात, पण समोरची जाळी बदलल्यामुळे त्यांची तोंडं निराळी आहेत. शेवरोलेच्याच पुढच्या १९६७–७२ च्या सी-१० मध्ये तर याहून सोपी खूण आहे : १९६८ पासून कायद्याने बाजूचे दिवे आले, म्हणून १९६७ च्या मडगार्डला त्या दिव्याचं भोक नाही. मागवताना नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. आणखी एक : काही मालावर जनरल मोटर्सच्या परवान्याची चिठ्ठी असते. चिठ्ठीला किंमत आहे, पण ती पाहून कुणी मापं घेणं सोडू नये. तुमची गाडी गेल्या सत्तर वर्षांत कुठे कुठे धडकली ते परवाना देणाऱ्याला माहीत नसतं.

इथवर वाचून सगळा दोष नव्या पत्र्यावर टाकावासा वाटेल. तसं करू नये. मूळ गाडीही काही घड्याळजीने बनवलेली नव्हती. ती कामाची गाडी होती. शेतावर, दुकानावर, बांधकामावर राबायला विकली जायची. कारखान्यातच मडगार्ड आणि केबिन यांच्यामध्ये शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) सारले जात, बिजागऱ्यांची भोकं मुद्दाम मोठी ठेवली जात आणि जुळवणी करणारा माणूस दरवाजा दाबून, वाकवून बसता करी. आज प्रदर्शनात उभ्या असलेल्या चकचकीत ३१०० ची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी पाच मिलिमीटर असते. त्या गाडीने तिच्या पहिल्या मालकालाही इतका नेटका चेहरा दाखवला नव्हता. मला त्यात गैर काही वाटत नाही, पण ‘मूळ रूपात परत आणली’ असं मात्र म्हणू नये.

तर दोषी कसा ओळखायचा? त्याला एक साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार बहुतेक लोक पहिल्याच दिवशी भंगारात देऊन टाकतात : जुना पत्रा. नवा मडगार्ड बसत नसेल तर सडका, फाटका का होईना, जुना त्याच जागी लावून पाहावा. जुना बसला तर खोट नव्यात आहे. जुनाही बसला नाही तर गाडीकडे वळावं. मग दोन्ही दरवाजांच्या चौकटींचे कर्ण मोजून एकमेकांशी ताडून पाहावेत. डावी-उजवी बाजू जुळत नसेल तर कुठली बाजू खचली ते कळतं. दोन्ही जुळत असतील आणि तरी काही बसत नसेल, तर शंका चेसिसवर. एवढी उलटतपासणी झाल्यावरच भोक वाढवायचं की पत्रा कापायचा याची चर्चा. म्हणून पुस्तकात ठिकठिकाणी बजावलं आहे : गाडी रंगून रस्त्यावर येईपर्यंत जुना एकही तुकडा दाराबाहेर जाता कामा नये. बायकोमुलांना कितीही अडचण झाली तरी.

जुळवणीचा क्रम मागून पुढे आणि खालून वर असा आहे. आधी चेसिस, आणि ती स्वतःच्या चाकांवर. स्टँडवर ठेवायची तर आधार चाकांजवळच द्यावा. मधेच टेकवलेली चेसिस लवते आणि त्या लवलेल्या अवस्थेत जुळवलेली केबिन गाडी खाली उतरल्यावर वेगळीच दिसते. मग केबिन, तिच्याखालची रबरी माउंट नवी घालून. मग दरवाजे, आणि दरवाजाची मागची कड केबिनच्या खांबाशी आधी जुळवायची, पुढची नंतर. कारण मागची बाजू वेल्ड केलेली, न हलणारी आहे. पुढचा मडगार्ड बोल्टांवरचा, तो दरवाजाकडे सरकवता येतो. बोनेट त्याच्यानंतर, जाळी सगळ्यांत शेवटी. तोवर एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. घाईने आवळलेला एक बोल्ट पुढच्या चार पत्र्यांना आपल्याकडे ओढतो.

या क्रमात एक जागा अशी आहे की जिथे नवखे हमखास हतबल होतात. मडगार्ड आणि दरवाजा यांच्यातली फट वर अरुंद, खाली रुंद. हात आपोआप मडगार्डच्या मागच्या बोल्टांकडे जातो. तिथे काही नसतं. पुढचा सगळा पत्रा, म्हणजे दोन्ही मडगार्ड, जाळी आणि रेडिएटरची चौकट, एकमेकांना जोडलेला असतो आणि नाकाकडे चेसिसवर टेकलेला असतो. नाक उचललं की मडगार्डची मागची कड वरच्या बाजूला दरवाजाकडे झुकते, खाली त्याच्यापासून लांब जाते. म्हणून वर अरुंद झालेली फट उघडायची असेल तर दीड-दोन मीटर पुढे, रेडिएटरखालचा एखादा शिम काढायचा. उलट असेल तर घालायचा. नव्या पत्र्यावर ठेवला जाणारा निम्मा ठपका या एका जागी धुऊन निघतो असं मी धाडसाने म्हणेन.

दरवाजा जुळवताना तो जितका जड असणार आहे तितकाच जड हवा. काच, काच वरखाली करणारं यंत्र, कुलूप, सगळं आत. रिकामा दरवाजा सुंदर बसतो आणि काच घातल्यावर मान टाकतो. त्याआधी दरवाजाचं मागचं टोक हाताने उचलून पाहावं. खटखट हललं तर बिजागरीची पिन आणि बुश झिजलेत, ते बदलल्याशिवाय पुढची सगळी मापं खोटी. आणि चौकटीभोवतीचं रबर याच वेळी लावून पाहायचं. नवं रबर जाड आणि ताठ असतं. रबराविना नेमकी ठेवलेली फट रंगानंतर रबर लावताच बिघडते, दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही, आणि आपटणारा दरवाजा ताज्या रंगाची पहिली कड उडवतो.

आता जिथे बोल्ट नाहीत तिथलं काम : केबिनचे कोपरे आणि रॉकर. इथे कापायचं असतं, आणि कापलेलं परत येत नाही. दरवाजाच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी आधार टाके मारून घट्ट केल्याशिवाय रॉकरला हात लावू नये. एका वेळी एकच बाजू. दोन्ही रॉकर एकदम कापलेली केबिन मापात परत आणणं शक्य असतं, पण ते मी कुणाला सुचवणार नाही. विकत आणलेला कोपऱ्याचा पत्रा बहुतेक वेळा गरजेपेक्षा उंच असतो. तो सगळा वापरलाच पाहिजे असा नियम नाही. सड जिथे संपते त्याच्या बोटभर वर चांगल्या लोखंडात रेघ मारावी, नवा पत्रा तेवढाच कापावा आणि कडेला कड भिडवून जोडावा. एकावर एक चढवून जोडणं सोपं, पण त्या दोन पत्र्यांच्या मध्ये ओल बसते आणि गंजाला नवं घर मिळतं. जोडताना ०.६ मिलिमीटरची तार, बारीक टाके, एक इथे तर दुसरा हातभर लांब, आणि मधल्या वेळात पत्रा आपणहून निवू द्यायचा. सलग ओढलेला सांधा पत्र्याला आक्रसून घेतो आणि मग त्याची लाट पुट्टीखाली गाडावी लागते. पुट्टीचा थर तीन मिलिमीटरच्या वर गेला तर पुट्टी दोष लपवत नाही, उद्यावर ढकलते.

बाजारात रॉकरवरून नुसती चढवायची झाकणंही मिळतात. सडका रॉकर आत तसाच ठेवून वरून ही पट्टी वेल्ड केली की गाडी विकण्यापुरती बरी दिसते. या पुस्तकात त्यांना जागा दिलेली नाही.

फायबरच्या मडगार्डबद्दल मात्र माझं मत मवाळ आहे. ते गंजत नाहीत, हलके असतात, आणि बोल्टाखाली रुंद वायसर घातला नाही तर तडकतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ‘फायबर म्हणजे नकली’ हे म्हणणाऱ्यांनी शेवरोलेची १९५५ ची कॅमिओ कॅरियर आठवावी. तिच्या हौद्याच्या बाहेरच्या बाजू कारखान्यातूनच फायबरच्या यायच्या, आणि त्या बनवणारी ओहायोतल्या अ‍ॅशटाब्युलाची मोल्डेड फायबर ग्लास ही कंपनी शेवरोलेच्याच कॉर्व्हेट मोटारीलाही बॉडी पुरवत होती.

मागच्या हौद्याचं काम केबिनपेक्षा सोपं आहे. बाजू, पुढची भिंत, फाळका, तळाला लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्ट्या, सगळं बोल्टांवरचं. फक्त केबिन आणि हौदा यांच्यातली फट अरुंद करण्याचा मोह टाळावा. खड्ड्यात चाक गेलं की चेसिस पिळते, म्हणून ही दोन अंगं वेगळी ठेवलेली असतात. फोर्डने १९६१ मध्ये दोन्ही एकत्र जोडून पाहिली आणि १९६३ नंतर तो नाद सोडला.

एवढं सगळं पाहिल्यावर एक मत मांडून ठेवतो. काही वाचकांना ते आवडणार नाही. जुना पत्रा दुरुस्त होण्यासारखा असेल तर तो नव्यापेक्षा बरा. दोन-चार चेपा, खालच्या टोकाला तळहाताएवढी सड, तीस बोल्टांची भोकं मात्र जागच्या जागी. असा मडगार्ड टाकून नवा आणण्यात शहाणपण नाही. नव्याचं फक्त खालचं टोक कापून जुन्याला जोडावं. नवा पत्रा हा बेतून आणलेल्या कापडासारखा असतो, अंगावर घालून पाहिल्याशिवाय त्याची शिवण पक्की करायची नसते. अंगावर बसलेलं जुनं मात्र एकदा कुणीतरी बसवून दिलेलं आहे, त्या श्रमाची किंमत कॅटलॉगात छापलेली नसते.

नवा पत्रा घेतलाच, तर त्यावरचा काळा लेप रंगाचा पाया म्हणून चालेल की नाही ते आधी पाहावं. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं न दिसणाऱ्या जागी घासावं. काळं फडक्याला आलं तर तो नुसता वाहतुकीपुरता रंग आहे, पार खरवडून काढावा. आलं नाही तर तो विजेच्या सहाय्याने चढवलेला पक्का लेप असण्याची शक्यता जास्त. त्याला घासून खरबरीत करून वर प्रायमर मारता येतो.

शेवटी, सगळं जुळलं की ते सगळं परत उतरवायचं असतं, कारण सांध्यांच्या आत रंग पोहोचायला हवा. उतरवण्याआधी प्रत्येक बिजागरी आणि खांब, मडगार्ड आणि केबिनचा काठ यांच्यातून आरपार तीन मिलिमीटरचं एकेक भोक पाडावं. रंगानंतर त्याच भोकात ड्रिलची कांडी खुपसून पत्रा लटकवला की तो आधीच्या जागी येतो, मग बोल्ट आवळावेत. ही भोकं कुठे घ्यायची त्यांची चित्रं नवव्या प्रकरणात आहेत. पहिलं प्रकरण चेसिस मोजण्याचं आहे. त्यासाठी सपाट फरशी, ओळंबा, खडू आणि मोजपट्टी एवढंच लागेल; नव्या पत्र्यांची मागणी ते मोजून झाल्यावर नोंदवावी.